शंभर इंचांची गाडी

तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली कॅनव्हासच्या छताची जीप उभी असे, आणि जमाबंदीच्या दिवसांत ती धुरळा उडवीत खेडोपाडी फिरू लागली म्हणजे खुद्द सरकार दारी आल्याची जाणीव रयतेस होई. तो काळ ज्याने पाहिला आहे त्याला, पुण्याच्या रस्त्यावरून आज आवाज न करता सरकत जाणारी कोट्यवधी रुपयांची रेंज रोव्हर दाखवून, ही त्या जीपच्याच गोत्रातली आहे असे सांगितले तर ते सहजासहजी पटणार नाही. परंतु गोत्र एकच आहे. आणि ऐश्वर्य, वेग व रोजचा वापर या तीन अपेक्षा एकाच उंच वाहनाकडून पुऱ्या करून घेण्याची जी चाल आता जगभर रूढ झाली आहे, तिचे मूळ शोधू लागल्यास आपण एका शेतावर जाऊन पोचतो.

प्रथम जीपविषयी. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्यानंतर तीन-चार दशके महाराष्ट्राचा महसूल, बंदोबस्त, पाटबंधारे आणि सहकारी साखर कारखान्यांचा कारभार या वाहनाच्या पाठीवर बसून चालला. आमच्या नात्यातल्या एका सर्कल इन्स्पेक्टरांबरोबर लहानपणी मी जीपच्या मागच्या बाकावर बसून काळ्या रानातल्या गाडीवाटेने अनेकदा गेलो आहे. छताची लोखंडी कमान दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवणे हे त्या प्रवासातले एकमेव संरक्षण होते. कारण जीपचा सगळा भार कमानपाट्यांवर असे, आणि एकावर एक रचलेले ते पोलादी पाटे ओझे वाहण्यास जितके समर्थ, तितकेच खड्ड्याचा धक्का मणक्यापर्यंत पोचविण्यास तत्पर असत. गाडी रिकामी असली म्हणजे हा जाच अधिक, कारण भाराखाली नमण्यासाठी घडविलेला पाटा भारावाचून नमत नाही. हा कमानपाटा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढचा सारा इतिहास त्याच्यापासून सुटका करून घेण्याचा, आणि सुटका झाल्यावर पुन्हा दुसऱ्या बंधनात सापडण्याचा आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर मॉरिस विल्क्स या इंग्रज गृहस्थाने वेल्सच्या अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर कामासाठी लष्कराची एक जुनी विलीज जीप ठेवली होती. हा मॉरिस रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता, आणि त्याचे वडीलबंधू स्पेन्सर विल्क्स हे त्या कंपनीचे मुखत्यार. १९४७ साली रेड व्हार्फ नावाच्या तेथल्या सागरतीरावर मॉरिसने, जीपला पर्याय म्हणून आपल्याच कंपनीने काढावयाच्या वाहनाची आकृती वाळूत रेखाटून भावास दाखविली, आणि ३० एप्रिल १९४८ रोजी अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. पोलादावर त्या वेळी सरकारी नियंत्रण असल्याने तिचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करावे लागले, आणि विमानांच्या अंतर्भागासाठी आणून उरलेला हिरवा रंग तिला फासण्यात आला. गरजेपोटी केलेल्या या दोन तडजोडी पुढे तिच्या कुळाचा लौकिक ठरल्या. कमानपाटे मात्र जीपचेच राहिले.

ऐश्वर्य आणि चारही चाकांची ओढ यांचा पहिला संगम घडविण्याचा मान अमेरिकेकडे जातो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ब्रुक्स स्टीव्हन्स याने घडविलेली जीप वॅगोनियर १९६३च्या मालिकेत बाजारात आली, आणि १९६६ साली तिची ‘सुपर’ आवृत्ती आठ सिलिंडरांचे इंजिन व आपोआप बदलणारे गिअर यांसह विकली जाऊ लागली. पण बैठकीच्या खाली जुनी व्यवस्था तशीच ठेवून वर गादी घालावी, अशा जातीचे ते ऐश्वर्य होते.

खरा पालट घडविला तो विल्क्स बंधूंच्या भाच्याने. चार्ल्स स्पेन्सर किंग, ज्याला सारे स्पेन किंग म्हणत, हा रोव्हर कंपनीत नव्या वाहनांची आखणी करीत असे. साठीच्या दशकात त्याने कंपनीची रोव्हर २००० ही सभ्य, शहरी मोटार सोलिहलच्या कारखान्यामागील ओबडधोबड रानात घातली, आणि त्याच्या असे अनुभवास आले की, चारही चाके न ओढणारी ही मोटार केवळ तिच्या कॉइल स्प्रिंगांची हालचाल लांब पल्ल्याची असल्यामुळे लँड रोव्हरच्या जवळपास पोचते, आणि आत बसलेल्याची हाडे खिळखिळी करीत नाही. खडबडीत जमिनीवर वाहन चालावयाचे तर ते ताठ व राकट असले पाहिजे, ही जी समजूत बैलगाडीच्या काळापासून चालत आली होती, ती त्या रानात निकालात निघाली. चाक जितके मोकळेपणाने खालीवर होईल तितके ते जमिनीला अधिक चिकटून राहते, आणि जमिनीला चिकटलेले चाकच गाडी ओढू शकते. तेव्हा आरोही आणि वाहन यांचे हित येथे एकच आहे. माझ्या मते या जातीच्या वाहनांच्या इतिहासातला एवढा एकच विचार मूलगामी आहे.

किंग आणि त्याचा सहकारी गॉर्डन बॅशफर्ड यांनी या विचारावर उभारलेल्या वाहनास कारखान्यात ‘शंभर इंची स्टेशन वॅगन’ असे साधे नाव होते, कारण पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर तेवढे धरले होते. इंजिन मिळाले ते योगायोगाने. अमेरिकेतील ब्यूक मोटारीसाठी जनरल मोटर्सने साडेतीन लिटरांचे, अॅल्युमिनियमचे, आठ सिलिंडरांचे एक हलके इंजिन काढले होते आणि थोड्याच वर्षांत ते बंद केले होते. रोव्हरच्या अमेरिकेतील कारभाऱ्याच्या, ब्रूस मॅकविल्यम्सच्या, दृष्टीस ते मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिने करणाऱ्या कंपनीत पडले, आणि १९६५ साली त्याचे हक्क रोव्हरने विकत घेतले. एवढे बळ एकट्या मागच्या आसावर घालावयाचे तर आस जाडजूड करावा लागला असता, आणि जड आस म्हणजे पुन्हा धक्के; म्हणून बळ चारही चाकांना सदैव वाटून देण्याची व्यवस्था झाली. चिखलासाठी म्हणून जी गोष्ट आपण समजतो, ती अशा रीतीने काही अंशी सुखासाठी आली आहे. मागच्या आसावर भार वाढला तरी गाडीची पातळी आपोआप सावरणारा एक खांब बसविला गेला आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. बाह्य रूपाचा मूळ आराखडाही या दोघा अभियंत्यांचाच. डेव्हिड बाश याने तो घासून-पुसून घेतला.

जून १९७० मध्ये रेंज रोव्हर विक्रीस आली तेव्हा तिची किंमत दोन हजार पौंडांच्या आत होती. ज्यांनी ती घेतली, त्यांना काय मिळाले हे पाहण्याजोगे आहे. दरवाजे दोनच, म्हणून मागे बसणाऱ्याने पुढची बैठक दुमडून आत शिरावे; बैठका प्लॅस्टिकच्या कापडाच्या आणि तळाशी रबर, म्हणजे शेतावरून आल्यावर पाण्याचा फवारा मारून सारे धुता यावे; सुकाणू फिरविण्यास यंत्राची मदत नाही, गिअर हातानेच बदलावयाचे, आणि पेट्रोल लिटरमागे पाच-सहा किलोमीटरच्या हिशोबाने जळावयाचे. अॅल्युमिनियमच्या पत्र्याखालचा पोलादी सांगाडा गंजत असे, ही तक्रार तर पुढे सर्वतोमुखी झाली. असे असूनही मागणी पुरवठ्यापेक्षा नेहमी अधिक राहिली, कारण ताशी दीडशे किलोमीटरने राजमार्गावर धावणारी, त्याच दिवशी नांगरट ओलांडून जाणारी, आणि उंच आसनावरून बॉनेटचे दोन्ही कोपरे चालकास स्पष्ट दिसू देणारी दुसरी गाडी त्या काळी नव्हती. ते कोपरे किल्ल्याच्या बुरुजांसारखे मुद्दाम उंचावले होते. अरुंद गल्लीत रोज गाडी घालणाऱ्यास त्यांचे मोल विचारावे. तिचे रूप औद्योगिक शिल्पाचा नमुना म्हणून पॅरिसला लूव्रमध्ये मांडले गेले. १९७१-७२ साली ब्रिटिश सैनिकांच्या तुकडीने ती पनामातील दारिएनच्या अरण्यातून पार नेली, आणि दलदलीसाठी बसविलेल्या प्रचंड टायरांमुळे तिची डिफरन्शियले मोडली. चाकाचा मूळ आकार बदलला की वाहन आपले शील गमावते, याचा तो पहिला दाखला. १९७९च्या पहिल्या पॅरिस-डाकार शर्यतीत मोटारींमध्ये तीच पहिली आली.

पुढे श्रीमंतांनी तिला शहरात आणले. स्वित्झर्लंडच्या मॉन्टेव्हर्डी कंपनीने चार दारांची आवृत्ती करून दाखविल्यावर १९८१ साली कारखान्यानेही चार दारे दिली, १९८२ साली स्वयंचलित गिअर आले, मग गालिचे, चामडे, लाकूड. आणि १९९२ साली लांब बांध्याच्या गाडीत पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या आल्या, ज्या वेग वाढला की गाडी आपोआप खाली बसवीत.

आता वेगाकडे वळू. लांब आणि मऊ स्प्रिंगांची एक उणीव अटळ आहे: वळणावर उंच गाडी बाहेरच्या अंगास झुकते. वीस वर्षे मालकांनी हे झुकणे आनंदाने सोसले. १९९० साली किंगच्याच नावाची आद्याक्षरे मिरविणारी, दोनशेच गाड्यांची एक खास मालिका निघाली, आणि तिला झुकाव रोखणारे पोलादी दांडे बसविले गेले. हा दांडा डाव्या व उजव्या चाकांस एकमेकांशी जखडतो. वळणावर तो उपकार करतो, पण सरळ रस्त्यावर एका चाकाखाली आलेला खड्डा दुसऱ्या चाकासही भोगावयास लावतो. वेगाने सुखावर बसविलेली ही पहिली पट्टी होय, आणि पुढे ती उत्तरोत्तर वाढतच गेली.

इटलीच्या लाम्बोर्गिनीने १९८६ साली आपल्या काउंटाश या शर्यतीच्या थाटाच्या मोटारीचे बारा सिलिंडरांचे इंजिन एका वाळवंटी गाडीत घातले आणि तिला २९० लिटरांची टाकी दिली. अशा सुमारे तीनशेच गाड्या झाल्या, आणि तो प्रकार राजेरजवाड्यांच्या हौसेपलीकडे गेला नाही. रोज वापरता येईल अशी वेगवान उंच गाडी घडली ती २००२ साली, पोर्शेच्या केयेनच्या रूपाने. फोक्सवागनच्या सहकार्याने आखलेल्या आणि लाइप्झिगच्या नव्या कारखान्यात जुळविलेल्या या गाडीची ‘टर्बो’ आवृत्ती ४५० अश्वशक्तीची, वजनाने सव्वादोन टनांहून अधिक, आणि तरीही ताशी २६६ किलोमीटर धावणारी होती. पोर्शेच्या जुन्या भक्तांना हा धर्मबदल वाटला. मला त्या गाडीबद्दल आदर वाटतो तो निराळ्याच कारणाने: चढणीवर आणि चिखलात लागणारा हळू गिअरांचा जोड त्या पहिल्या पिढीत प्रामाणिकपणे दिलेला होता. २०१० साली दुसरी पिढी आली तेव्हा तो जोड काढून टाकला गेला आणि गाडी सुमारे १८० किलोंनी हलकी झाली. मालक रानात जात नाहीत हे कारखान्याने तेव्हा उघडपणे ओळखले. २००५ची रेंज रोव्हर स्पोर्ट हे पहिल्या केयेनला सोलिहलचे उत्तर होते. तिच्यात झुकाव रोखणारे दांडे द्रवाच्या दाबाने वळणावर ताठ आणि सरळ रस्त्यावर ढिले करता येत, म्हणजे भाच्याने मामाच्या जीपवर मिळविलेले जे स्वातंत्र्य वेगाने हिरावून घेतले होते, ते यंत्राच्या खर्चाने परत विकत घेण्याचा हा उद्योग होता.

कारखान्याची मालकी याच काळात हातोहात फिरली: १९९४ साली बीएमडब्ल्यू, २००० साली फोर्ड, आणि २ जून २००८ रोजी, जॅग्वारसह २३० कोटी डॉलरांना, टाटा मोटर्स. जी गाडी मुळात सोलिहलची, ती २०२४ साली पुण्यात जुळविली जाऊ लागली. स्पेन किंग हे पाहण्यास नव्हता. तो २०१० साली गेला. आपली गाडी मोठेपणा मिरविण्याचे साधन व्हावी हे त्याला कधीच रुचले नाही, आणि मुलांना शाळेत सोडण्यासाठी अशी वाहने शहरात वापरणे हा शुद्ध मूर्खपणा आहे, असे त्याने २००४ साली स्पष्ट सांगितले होते. जनकाच्या या मताचा मान ठेवूनही मला असे म्हणावेसे वाटते की, ज्या शहराचे रस्ते नांगरटीसारखे आहेत, तेथे त्याच्या लांब स्प्रिंगचा खरा उपयोग रोजच्याच प्रवासात आहे.

मात्र ती स्प्रिंग शाबूत राहिली पाहिजे. पहिल्या रेंज रोव्हरची चाके सोळा इंचांची होती, आणि त्यांवरील टायरची भिंत सुमारे साडेसहा इंच उंच होती. आज तिलाच तेवीस इंचांपर्यंतची चाके मिळतात, आणि तशा चाकावर रबराची भिंत साडेचार इंचांच्या आसपास उरते. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. शोभेसाठी ती पातळ केली की आतल्या हवेच्या पिशव्यांनी आणि संगणकांनी कितीही धावपळ केली तरी खड्ड्याची धार आत पोचतेच.

माझे एक स्नेही गेली काही वर्षे पुण्याहून चाकणजवळच्या आपल्या कारखान्यात अशाच एका उंच, वेगवान गाडीने रोज जातात. घेताना त्यांनी बावीस इंची चाके पसंत केली होती; दोन पावसाळ्यांत तीन टायरांच्या बगला फुगल्या आणि एक रिम वाकली. तिसऱ्या पावसाळ्याआधी त्यांनी त्याच गाडीस मंजूर असलेली वीस इंची चाके बसवून घेतली, आणि मग एका रविवारी मला जुन्नरकडील आपल्या शेतावर नेले. डांबरी रस्ता सोडून आम्ही काळ्या रानातल्या गाडीवाटेस लागलो. चाकोऱ्या खोल होत्या, मधे ढेकळे होती, आणि गाडी त्यांवरून जवळपास न डुलता जात होती. ते बोलत होते आणि मी ऐकत होतो. शेताच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा माझ्या ध्यानात आले की, दारावरची कडी मी वाटभर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.