बिगाऱ्याची हजेरी

बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या माणसाला मराठीत बिगारी म्हणतात. हा शब्द कोणाला खटकत नाही. स्वतः मजूरही 'बिगारी काम करतो' असेच सांगतो. उर्दू-फारसी वाचणारा मात्र या शब्दापाशी अडखळतो. बेगार म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. मराठीने त्याला 'वेठ' जोडून 'वेठबिगार' असा जोडशब्द घडवला. शिवकाळात आणि पेशवाईत किल्ल्यांच्या डागडुजीला गावोगावची माणसे वेठीला धरली जात; सुलतानी आणि मुघल अमलातही वेगळे काही नव्हते. पुढे 1950 साली राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने ही प्रथा बंद केली. घटनेच्या इंग्रजी मसुद्यातसुद्धा शब्द 'बेगार' हाच आहे. कायद्याने बिगार गेली, बिगारी मात्र राहिला.

बांधकामाच्या धंद्यातले बरेच शब्द आपल्या ओळखीचे आहेत. मजूर, रोज, हजेरी, मुकादम, गिलावा हे सारे फारसी-अरबीतून आलेले. मेस्त्री आणि पगार पोर्तुगीजांनी दिले. 'बेल' म्हणजे फावडे, ते धरणारा तो बेलदार. हा बेलदार सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलच्या 'आईने-अकबरी'त भेटतो. पहिल्या प्रतीच्या बेलदाराला दिवसाला साडेतीन दाम, दुसऱ्या प्रतीच्या बेलदाराला तीन. चाळीस दामांचा एक रुपया. त्याच ग्रंथात गव्हाचा भाव मणाला बारा दाम दिलेला आहे. म्हणजे तीन दामांत दहा शेर गहू येत होता. हा सरकारी दर, बादशाही कामावरचा. गावातल्या बेलदाराच्या हातात तेवढे पडत होते, असे समजण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट मोलाची वाटते. कोणत्या कामाला काय द्यायचे, हे तिथे लिहून ठेवलेले होते.

त्या यादीत छप्परबंदही आहे, तीन दाम रोजाचा. मुघल फौजेबरोबर राहुट्या आणि छपरे घालत ही माणसे दख्खनेत आली, असे सांगतात. इंग्रजी अमलात त्यांच्यावर खोटी नाणी पाडणारी जमात म्हणून शिक्का बसला आणि ती गुन्हेगार जमातींत गणली गेली. 1952 साली तो कायदा रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'छप्परबंद (मुस्लिमांसह)' अशी नोंद आहे. त्याच यादीत दगड फोडणारा आणि माती खणणारा वडारही आहे. ज्यांनी दुसऱ्यांची घरे उभी केली, त्यांची नोंद सरकारदप्तरी आधी अशी झाली.

औरंगाबादचा (2023 पासूनचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा 1660 च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या दरवाजावरच्या लेखात अताउल्लाह आणि हंसपत राय अशी दोन नावे आहेत, एक वास्तुरचनाकार, दुसरा अभियंता. एक मुसलमान, एक हिंदू, याचा आपण सभासंमेलनांत अभिमानाने उल्लेख करतो, आणि ते योग्यच आहे. मकबऱ्याच्या खर्चाचा आकडाही सांगितला जातो: सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. सात आण्यांचासुद्धा हिशेब राहिला. चुना मळणाऱ्यांपैकी, पाणी वाहणाऱ्यांपैकी मात्र एकाचेही नाव राहिले नाही.

मकबऱ्याच्या याच शहरात शहागंजला रोज सकाळी मजुरांचा अड्डा भरतो. मुंबईकडे त्याला नाका म्हणतात. आपल्या भागातल्या अशा अड्ड्यांचा इतिहास 1972 च्या दुष्काळाशिवाय सांगता येत नाही. त्या साली मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती उपसायला दुष्काळी कामांवर गेली. त्यातूनच रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्या कामांवर मजुरी तुटपुंजी होती, गैरव्यवहारही होते. पण हजेरीपट होता. खडी फोडणाऱ्या बाईचे नाव त्यावर चढत होते आणि त्या नावावर ती हक्काने भांडू शकत होती. ही हमी खेड्यापुरती होती. त्याच सुमारास सिडकोचे नवे औरंगाबाद उभे राहू लागले, चिकलठाणा आणि मागाहून वाळूज इथे कारखाने आले. शहराला हात हवे होते. खेड्यातला माणूस शहरात आला आणि हजेरीपट गावाकडेच राहिला.

अड्ड्यावर कोणी पाटी लावून बसत नाही. थापी आणि ओळंबा घेऊन उभा असेल तो गवंडी, ब्रशवाला रंगारी, आणि ज्याच्या हातात फक्त जेवणाचा डबा तो बिगारी. गुत्तेदार मोटारसायकलवर येतो, चार जणांकडे बघतो, दंडाकडे आणि वयाकडे बघतो, दर बोलतो. स्लॅब असेल त्या दिवशी एकदम वीस माणसे उचलली जातात. दहा वाजून गेले की दर उतरतो. त्यानंतर उभा असलेला माणूस मिळेल त्या रोजावर जातो, नाहीतर घरी. बायकांचा रोज पुरुषापेक्षा कमी, घमेले मात्र तेवढेच जड. संध्याकाळी 'आज सुटे नाहीत, उद्या ये' हे वाक्य ज्याने ऐकले नाही, असा मजूर अड्ड्यावर सापडणे कठीण. मजुराच्या घामाविषयीची हदीस आपण सर्वांनी खुत्ब्यात ऐकली आहे. ती ऐकणाऱ्यांत गुत्तेदारही असतात आणि घरमालकही.

या असंघटित माणसासाठी संसदेने 1996 साली दोन कायदे केले. बांधकामाच्या खर्चावर उपकर घ्यायचा आणि त्या पैशातून मंडळामार्फत कामगाराचे कल्याण करायचे. महाराष्ट्रात त्याचे नियम यायला 2007 साल उजाडले. नोंदणीची अट साधी दिसते: वय 18 ते 60, आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. जो माणूस सोमवारी एका गुत्तेदाराकडे आणि मंगळवारी दुसऱ्याकडे असतो, त्याने 90 दिवसांची सही कोणाकडून आणायची? पुढे ग्रामसेवक आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनाही दाखल्याची मुभा मिळाली. पण ज्याने तुम्हाला काम करताना पाहिले नाही, तो सही करताना कचरतोच.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या दाखल रजिस्टरमध्ये 'वालिद का पेशा' या रकान्यात पानामागून पान 'मजदूरी' हा एकच शब्द आहे. मंडळाच्या योजनेत नोंदणीकृत कामगाराच्या मुलाला पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला 2500 रुपये आणि आठवी ते दहावीपर्यंत 5000 रुपये ठेवलेले आहेत. अट 75 टक्के हजेरीची. मुलाची हजेरी आम्ही रोज लिहितो, दाखला मागितला तर त्याच दिवशी देतो. तिथे अडत नाही. अडते ते बापाच्या हजेरीपाशी, कारण ती कोणी लिहिलेलीच नसते.

याची किंमत 2020 साली कळली. टाळेबंदीत अड्डे ओस पडले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने उपकराच्या निधीतून बांधकाम कामगारांच्या खात्यावर 2000 रुपये टाकायचे ठरवले. पण ते नोंदणी असलेल्यांनाच. रमजान तोंडावर होता. आयुष्यभर विटा वाहिलेले लोक त्या यादीत आपले नाव शोधत होते. आपल्या मोहल्ल्यांतल्या अनेकांना नोंदणी नावाची काही गोष्ट असते, हेसुद्धा तेव्हाच कळले. यात सरकारचा दोष आहेच. पण शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या आपल्या संस्था-अंजुमनांनी बापाच्या अर्जाकडे कधी पाहिले नाही, हेही म्हटले पाहिजे.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1996 च्या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. उपकर आणि मंडळ त्यांतही आहे, आणि 90 दिवसांची अटही आहे. आपल्यापैकी जो कोणी अड्ड्यावरून दोन माणसे आणून घराला गिलावा करून घेतो, तो वहीत सिमेंटच्या थैल्या मोजून लिहितो आणि खाली 'गवंडी 1, बिगारी 2' एवढेच लिहितो. त्या जागी पूर्ण नाव आणि तारखा लिहून, सही करून तशी चिठ्ठी मजुराच्या हातात देता येते. कामगार कार्यालयाला ती पुरेल असे नाही. पण दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवायला त्याच्याकडे कागद तरी असतो.