तोफेच्या टप्प्यातून आलेली मैदाने

आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज या दक्षिण मुंबईतल्या मैदानांचा मूळपुरुष एकच, एस्प्लनेड. तो मोकळा राखण्यामागे लोकांच्या आरोग्याचा किंवा पोरांच्या खेळाचा विचार नव्हता. कारण होते तोफा.

1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईचे इंग्रज हादरले. व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली, किल्ल्याभोवती खंदक खणला गेला. पुढे फ्रेंचांची धास्ती आली. तटावरून मारा करायचा तर समोर शत्रूला आडोसा नको, म्हणून तटाबाहेरची घरे आणि झाडे हटवून मोठा पट्टा मोकळा केला गेला. तोच एस्प्लनेड. 1803 च्या आगीत किल्ल्यातली बरीच वस्ती जळाली, तेव्हा पुष्कळ लोक या पट्ट्यापलीकडे उत्तरेला राहायला गेले. मधली जागा रिकामीच राहिली. तिच्यावर गुरे चरत, लोक संध्याकाळी हवा खायला येत आणि उन्हाळ्यात गोरे साहेब तंबू ठोकून राहत. मैदान लष्कराचे होते, पण लोक ते वापरू लागले होते.

1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तट पाडून टाकले. तोफांचे कारण संपले, तशी इमारतींची रांग लागली. हायकोर्ट आणि विद्यापीठ याच जागेवर आले. त्यांच्यासमोर जे उरले, ते आजचे ओव्हल.

जे उरले त्यावरही भांडण झालेच. 1880 च्या दशकात युरोपियनांचे पोलो आणि देशी पोरांचे क्रिकेट एकाच मैदानावर चाले. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडत. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटप्रेमीच्या पुढाकाराने खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. कधी निकाल त्यांच्या बाजूने लागला, कधी पोलोवाल्यांच्या. अखेर समुद्रालगत पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. तोडगा निघाला, पण जातीधर्माच्या कुंपणांनी. एस्प्लनेडवर मात्र कुंपण नसलेल्यांचे क्रिकेट चालूच राहिले. त्याच आझाद मैदानावर 1988 साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी पोरांनी 664 धावांची भागीदारी रचली.

मैदानांची दुसरी शाखा प्लेगातून फुटली. 1896 साली मांडवीत प्लेग सापडला आणि दाटीच्या, अंधाऱ्या चाळींकडे सरकारला बघावेच लागले. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा भागात रुंद रस्ते, मोकळी हवा आणि बागा धरून वस्त्या आखल्या जाऊ लागल्या. त्याच काळाच्या ओघात 1925 साली महापालिकेने माहीम पार्क लोकांसाठी खुले केले. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वेळी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याचे शिवाजी पार्क झाले.

इथे आखणी पालिकेची होती, पण मैदानाला स्वभाव दिला तो लोकांनी. रमाकांत आचरेकरांची नेट्स, समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब, बंगाली मंडळींची दुर्गापूजा, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, 1966 पासूनचे शिवसेनेचे दसरा मेळावे हे सारे एकाच मातीवर नांदले. मैदानाभोवतीचा कट्टा तर बेकार तरुणापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत सगळ्यांचा. अर्थात नांदणे म्हणजे कुरकुर आलीच. रहिवासी सभांच्या भोंग्यांविरुद्ध न्यायालयात गेले आणि 2010 मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र मानला.

2016 च्या सुरुवातीला महापालिकेने मैदाने आणि उद्याने देखभालीसाठी खासगी संस्थांना देण्याचे धोरण मंजूर केले. सार्वजनिक जागा क्लबांच्या घशात जातील, या भीतीने नागरिकांनी विरोध केला आणि त्या धोरणाला स्थगिती मिळाली. पोलोविरुद्ध अर्ज लिहिणाऱ्यांचाच हा वारसा.

मुंबईला मैदाने शत्रूच्या आणि साथीच्या भीतीने दिली. ती टिकली, कारण कोणीतरी तिथे रोज खेळले, बसले आणि वेळ पडली तेव्हा भांडले. तुमच्या वॉर्डाच्या विकास आराखड्यात मैदान म्हणून राखीव असलेला एखादा तुकडा असेल. तो कुठे आहे ते नकाशात बघा आणि तिथे जायला लागा. वापरात असलेली जागा गिळणे अवघड जाते.