संयुक्त मानापमान : एक स्मरणीय साहाय्यार्थ प्रयोग

सत्कार्यासाठी नाटकाचा खेळ लावून निधी उभारण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. परंतु दि. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ची सर दुसऱ्या प्रयोगास क्वचितच आली असेल. खाडिलकरांच्या या नाटकात धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी साक्षात बालगंधर्व! ललितकलादर्श व गंधर्व नाटक मंडळी या तर परस्परांच्या प्रतिस्पर्धी. आपला नट फिका पडला तर, ही धास्ती उभयपक्षी असणारच. तथापि दोघेही एका रंगमंचावर उभे राहिले. (एक कोटीच्या फंडाची 30 जूनची मुदत तेव्हा उलटून गेली होती, हे विशेष.) पुढे तीनच महिन्यांत, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव निवर्तले, वय अवघे 31.