आधार कोणाचा, शब्द कोणाचे?

इतिहासाचा ग्रंथ हाती घेतला म्हणजे सामान्य वाचक पानाच्या तळाशी असलेल्या टीपांकडे बहुधा पाहत नाही. ती बारीक अक्षरे पंडितांसाठी आहेत, आपणास कथाभागाशी कर्तव्य, अशी त्याची समजूत असते. ग्रंथकारांपैकीही कित्येकांस आधार देणे हा पूर्वसूरींचे आभार मानण्याचा एक शिष्टाचार वाटतो. साधला तर पाळावा, न साधला तर सोडावा. ही समजूत किती महाग पडते हे पाहावयाचे असेल, तर मराठ्यांचा इतिहास कसा लिहिला गेला याचाच इतिहास पाहावा.

कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी होता. बखरी, दप्तरांतील कागद व घराण्यांच्या हकीकती जमवून त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडन येथे तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्याचे परिश्रम थोर होते, आणि आधार सांगण्याची आवश्यकता त्यास कळत होती, हे त्याच्या टीपाच सांगतात. परंतु पुष्कळ ठिकाणी त्या टीपेत ‘मराठी हस्तलिखिते’ एवढेच शब्द आहेत. हस्तलिखित कोणते, कोणाच्या घरचे, प्रसंगानंतर किती वर्षांनी लिहिलेले, याचा त्यावरून उलगडा होत नाही. त्यांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे त्याने नमूद केले होते. पुढील अभ्यासकांना त्या तेथे मिळाल्या नाहीत. नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्वानाने १८६७-६८ च्या सुमारास डफच्या ग्रंथावर मराठीत जी टीका केली, तिच्यापासून आपल्याकडे साधनांची चिकित्सा सुरू झाली असे म्हणावयास हरकत नाही. मूळ कागद समोर नसला म्हणजे ग्रंथकाराचे म्हणणे मान्यही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. नुसता विश्वास ठेवावा लागतो, आणि विश्वास हे प्रमाण नव्हे.

याचा सर्वांच्या परिचयाचा दाखला म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद. काही बखरींत शके १५४९ चा वैशाख मास दिला होता. डफनेही १६२७ चा मे महिना दिला. त्यानंतर ग्रंथामागून ग्रंथ निघाले व तेच वर्ष देत गेले. वाचकास वाटावे की, एवढ्या ग्रंथकारांचे एकमत आहे, तेव्हा शंका कसली? वास्तविक पाहता ते एकमत नव्हते; एकाच परंपरेचा तो वारंवार उठलेला प्रतिध्वनी होता. दहा ग्रंथांनी एकाच बखरीवरून लिहिले तर साक्षीदार एकच राहतो. पण ही गोष्ट कळावयाची कशी? प्रत्येकाने आपण हे कोठून घेतले हे लिहिले असेल तरच.

१९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्यातील शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी होती. १९२७ मध्ये कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य छापून निघाले. त्यातही तीच तिथी आली. दोन्ही साधने एकमेकांवरून उतरलेली नाहीत, म्हणून हे दोन साक्षीदार खरोखरच दोन ठरतात. पुढे वाद बराच काळ चालला, व २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

आता येथेच अवतरण आणि सारांश यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘शके १५५१ फाल्गुन वद्य ३’ हे शब्द साधनाचे आहेत. ‘१९ फेब्रुवारी १६३०’ हे गणित लेखकाचे आहे. शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो हे शाळेत शिकवितात; परंतु फाल्गुन जानेवारीनंतर पडत असल्याने येथे ७९ मिळवावे लागतात. ही गोष्ट विसरणारा १६२९ लिहून मोकळा होईल. शिवाय १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख होय. नव्या ग्रेगरियन पद्धतीने तीच १ मार्च येते. लेखकाने मूळ तिथी दिली असेल तर वाचक त्याची चूक सुधारू शकतो. नुसती तारीख देऊन तो थांबला, तर चूकही साधनाच्या नावावर जमा होते.

म्हणून अनेकांची जी कल्पना असते की, अक्षरशः उतरून घेतले तरच आधार द्यावा, आपल्या शब्दांत सांगितले म्हणजे ते आपले झाले, ती अगदी उलटी आहे. अवतरणात मूळचे शब्द निदान वाचकाच्या डोळ्यांपुढे असतात. सारांशात ते लेखकाच्या समजुतीतून गाळून आलेले असतात, आणि गाळताना काय राहिले हे मुळाशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही. सारांशाला आधाराची गरज अधिक आहे, कमी नव्हे. तशीच गोष्ट अवतरणाची: अवतरणचिन्हांच्या आत एकही शब्द आपला घालू नये, व काही गाळले असल्यास तसे दाखवावे. थोडे मूळचे, थोडे आपले असे मिश्रण करून चिन्हे न देता छापणे ही तर वाचकाची उघड फसवणूक होय.

आणखी एक पथ्य आहे. जे आपण पाहिले त्याचाच आधार द्यावा. एखादे पत्र दुसऱ्याच्या ग्रंथात वाचले असेल, तर ‘अमक्याच्या ग्रंथात दिलेले’ असे म्हणावे. मूळ पत्र आपणच वाचल्याचा आव आणू नये. मोडी कागदांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. मोडीत शब्द एकमेकांस जोडून लिहिले जात व ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. त्यामुळे छापलेली बाळबोध नक्कल हे आधीच कोणातरी संपादकाचे वाचन असते. ते वाचन कोणाचे, हे सांगणे प्राप्त आहे.

या कामी आपल्याकडील संशोधकांनी घालून दिलेली वाट उत्तम आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला, तो मूळ पत्रे छापून व त्यांस अनुक्रमाने लेखांक देऊन. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले, त्यांतही पत्रांना क्रमांक आहेत. खंड आणि लेखांक एवढे दोन आकडे टीपेत दिले की, नागपूरचा किंवा बडोद्याचा वाचकही तेच पत्र काढून लेखकाची परीक्षा घेऊ शकतो. अशी सोय शत्रूच्या हाती शस्त्र देण्यासारखी आहे खरी. पण जो ती देण्यास कचरतो त्याच्या लेखणीविषयी संशय घेण्यास वाचक मोकळा आहे.

हे शास्त्र केवळ विद्यापीठातील प्रबंधकारांचे आहे असे मानू नये. घरोघरी मुलांना शिवचरित्र सांगितले जाते, आणि सभांतून इतिहासाच्या नावाने वाटेल ते ठोकून दिले जाते. अशा वेळी ‘हे कोठे लिहिले आहे?’ असे विचारणारी मुले ज्या घरात वाढतात, त्या घरात इतिहासाचा आदर अधिक असतो, कमी नसतो. तो प्रश्न उद्धटपणाचा न मानता त्याचे नीट उत्तर देण्याची तयारी वडीलधाऱ्यांनी ठेवावी. आणि उत्तर हाताशी नसेल तर मुलासह ग्रंथालयाची पायरी चढावी.