कॉलनी चमकवायची कशी?

एन्झाइमच्या जनुकात वाट्टेल तसे बदल करून हजारो म्युटंट बनवणं तसं सोपं आहे. त्यातला कामाचा कोणता, हे शोधताना दमछाक होते. या शोधाचा इतिहास वाचताना कॅमेऱ्याकडे नको, रसायनाकडे लक्ष द्या.

1993 मध्ये चेन आणि फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी सबटिलिसिन ई हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम घेतलं. अगारमध्ये दुधातलं केसीन आणि डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक मिसळलं. केसीन पचवणाऱ्या कॉलनीभोवती पारदर्शक कडं उमटतं. ते डोळ्यांनी बघायचं आणि कॉलनी उचलायची. बस्स! अशा फेऱ्यांमधून 60 टक्के द्रावकात मूळ एन्झाइमच्या 256 पट सक्रिय म्युटंट मिळाला. (2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा अर्नोल्ड यांना मिळाला, तो याच वाटेवरच्या कामासाठी.)

पण प्रत्येक एन्झाइम असं कडं थोडंच उमटवतं? सायटोक्रोम पी450 नॅप्थॅलीनला, म्हणजे डांबरगोळीतल्या रेणूला, ऑक्सिजन जोडतो. प्लेटकडे कितीही टक लावून बघा, काही दिसणार नाही. 1999 मध्ये जू, लिन आणि अर्नोल्ड यांनी यावर झकास युक्ती काढली. त्याच ई. कोलाय पेशीत त्यांनी हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे दुसरं एन्झाइमही बनवून घेतलं. पी450 ने तयार केलेला पदार्थ हे दुसरं एन्झाइम प्रतिदीप्त संयुगात बदलतं. दोघांनाही हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, त्यामुळे पी450 ला एरवी लागणारं महागडं एनएडीएच आणि मदतनीस प्रथिनंही टळली. मग डिजिटल इमेजिंगने अख्ख्या प्लेटवरच्या कॉलन्या एकदम तपासता आल्या. नॅप्थॅलीनवर 20 पटींहून जास्त सक्रिय म्युटंट हाती आले. इमेजिंग स्वतः नवं नव्हतं; एमआयटीत डग्लस युवान यांनी प्रकाशसंश्लेषी जिवाणूंच्या कॉलन्यांचे वर्णपट असेच टिपले होते.

आता तुम्ही असं स्क्रीनिंग आखताय असं समजा. फोटोत जास्त चमकणारी कॉलनी म्हणजे चांगलं एन्झाइमच, असं नाही. ती नुसती मोठी असेल, किंवा तेच जुनं एन्झाइम जास्त प्रमाणात बनवत असेल. म्हणून निवडलेल्या कॉलन्या द्रव माध्यमात वाढवून, एन्झाइमचं प्रमाण मोजून, पुन्हा तपासाव्याच लागतात. आणि चमक मोजताना रंगही नोंदवा: ऑक्सिजन रेणूच्या कोणत्या जागी बसला, त्यानुसार तो बदलू शकतो.