लुब्यान्काच्या फुटपाथवर
टोपी कानांवर ओढा आणि 15 कोपेकचं नाणं हातात तयार ठेवा, मेट्रोच्या फाटकात टाकायचंय. तीस वर्षं हा प्रवास 5 कोपेकमध्ये व्हायचा. गेल्या एप्रिलात तिप्पट झाला, तरी बाकीचे भाव बघता फुकटच म्हणायचा. 1992चा फेब्रुवारी आहे. तुम्ही मॉस्कोत लुब्यान्का स्टेशनला उतरताय. 1990पर्यंत या स्टेशनाला गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचं, द्झेर्झिन्स्कीचं नाव होतं. वर चौकात त्याचा पुतळाही होता. गेल्या ऑगस्टात कट्टर कम्युनिस्टांचं बंड फसलं आणि लोकांच्या गर्दीसमोर क्रेनने तो उचलून नेला. ज्या देशाने तो उभारला, तो देशही डिसेंबरात संपला.

समोर 'देत्स्की मिर', मुलांच्या सामानाचं अवाढव्य दुकान. त्याच्या फुटपाथवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. सोव्हिएत रांगांबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. ही रांग उलटी आहे. इथला प्रत्येक जण विकायला आलाय.

जरा पुढे या. ही आजी बघा. एका हातात लोकरी मोज्यांचा जोड, दुसऱ्या हातात आटवलेल्या दुधाचा डबा, काखेत व्होडकाची बाटली. कोटाच्या छातीवर टाचणीने लावलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. तो रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांचा 29 जानेवारीचा हुकूम: परवान्याशिवाय कुणीही व्यापार करावा. स्वस्तात घेऊन महाग विकणं हा कालपरवापर्यंत तुरुंगात धाडणारा गुन्हा होता. पोलीस जवळून गेला की आजी नुसती हनुवटीने कात्रणाकडे खूण करते.

भाव विचारा. ती पुटपुटते, तुमच्याकडे न बघता. घासाघीस करू नका. लहानपणी मॉस्कोहून आलेली, गुळगुळीत कागदावरची मराठी पुस्तकं तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असतील. त्यातल्या आज्या घरात असायच्या.

ही इथे का उभी आहे? 2 जानेवारीला आर्थिक सुधारणा राबवणारे उपपंतप्रधान गायदार यांनी बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं सरकारी नियंत्रण काढलं. वर्ष सरेपर्यंत भाव सुमारे 26 पट होणार आहेत. दुकानात घ्यायला काही नसायचं, म्हणून तिने वर्षानुवर्षं बचत बँकेत रुबल साठवले. आता माल दिसू लागलाय, पण त्या पुंजीत काही येत नाही. 2 रुबल 20 कोपेकचं 'डॉक्टर' सॉसेज मिळण्यासाठी पूर्वी रांग लावावी लागे. आता रांग नाही, ते परवडतच नाही. गायदार यांच्या हाती फारसं काही नव्हतं हे मला मान्य आहे. तिजोरी रिकामी, कोठारंही रिकामी. पण या फाटक्या झोळीची पहिली किंमत आजीकडून वसूल झाली, हेही खरं.

चला, थंडी फार आहे, पुढे सरकू. ऑक्टोबरात सरकार कारखाने वाटायला काढतं: 25 रुबल भरा आणि 10,000 रुबलचं व्हाउचर घ्या. एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा मोटारींएवढी होईल, असं खासगीकरणाचे प्रमुख चुबाइस सांगतात. मेट्रोच्या तोंडाशी पुठ्ठ्याच्या पाट्या गळ्यात अडकवलेले दलाल उभे राहतात. पुष्कळ व्हाउचरं व्होडकाच्या एकदोन बाटल्यांच्या भावात हात बदलतात.

मोठ्या खरेदीला मात्र फुटपाथ लागत नाही. नोव्हेंबर 1995मध्ये नोरिल्स्क निकेल कंपनीचा 38 टक्के हिस्सा लिलावात निघाला. लिलाव भरवणारी बँक ओनेक्सिम, आणि तो जिंकणाराही ओनेक्सिमचाच गोटा. किंमत 17 कोटी डॉलरच्या थोडी वर.

फुटपाथवरच्यांना बोलायची संधी पुढच्याच महिन्यात मिळाली: 17 डिसेंबरला ड्यूमाची, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक झाली. सर्वांत जास्त मतं कम्युनिस्ट पक्षाला पडली.