गारदी म्हणजे कोण?

वर्गात 'गारदी' म्हटलं की मुलांना १७७३ चा नारायणराव पेशव्यांचा खून आठवतो. मी आधी सदाशिवरावभाऊंच्या इब्राहिमखान गारद्याचं नाव घेतो.

आपलं खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरची लढाई चपळ स्वारांची: रसद तोडा, छापा घाला, निसटा. १६२४ ला भातवडीत मुघल-आदिलशाही फौजा त्याने अशाच जेरीस आणल्या. गारद्यांची रीत उलटी. बंदुका-संगिनी घेऊन रांगेत उभं राहायचं, एकदम बार काढायचा. रांग मोडली की संपलं. म्हणून बाजू राखायला घोडदळ हवंच. पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ ला, शेजारचे विंचूरकर-गायकवाडांचे स्वार पुढे धावले, गारद्यांची बाजू उघडी पडली. तरी ते लढत राहिले. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला. अफगाण छावणीत त्याला मारलं.